शिडीची गाडी आणि विजेची तार

वाचकहो, आरोग्याच्या या सदरात आज विजेचा विषय का, असा प्रश्न आपल्याला पडेल. ताप, खोकला, मधुमेह, रक्तदाब यांवर आपण नेहमीच बोलतो. परंतु माणसाचे आयुष्य केवळ रोगानेच संपते असे नाही. धडधाकट, तिशीच्या आतला कमावता माणूस सकाळी डबा घेऊन कामावर जातो आणि दुपारी त्याला आमच्याकडे आणले जाते, तेव्हा कुठलेही औषध कामाला येत नाही. अशा मृत्यूवर एकच औषध आहे, ते म्हणजे आधी घेतलेली काळजी.

पावसाळा तोंडावर आला की रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या छाटण्याचे काम सुरू होते. गणपती-नवरात्रात माळा आणि कमानी चढतात. रस्त्यावरचे दिवे तर बारा महिने बदलावे लागतात. पूर्वी या कामांना बांबूची शिडी आणि दोरखंड असे. आता अनेक ठिकाणी गाडीवर बसवलेली हायड्रॉलिक शिडी आणि तिच्या टोकाला माणूस उभा राहील अशी बादलीसारखी बकेट आली आहे. सोय मोठी झाली, यात शंका नाही. परंतु या गाडीमुळे माणूस क्षणात तारांच्या उंचीवर जातो, किंबहुना तारांच्याही वर जातो. आणि तिथेच घोटाळा होतो.

वरचा वाचला, खालचा गेला

काही वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. भाड्याने आणलेल्या अशाच एका गाडीवर फांद्या तोडण्याचे काम चालले होते. बकेटमध्ये एक मुलगा, खाली गाडीजवळ त्याचा मदतनीस. वरच्या मुलाचे सगळे लक्ष समोरच्या फांदीवर होते. बकेट तारेपासून लांब होती. परंतु शिडीचा मधला सांधा, ज्याला आपण कोपर म्हणू, तो पाठीमागे सरकत सरकत 11 केव्हीच्या तारेला टेकला. मोठा आवाज झाला. बकेटमधल्या मुलाला काहीही झाले नाही. मात्र गाडीच्या लोखंडी पेटीवर हात ठेवून उभा असलेला मदतनीस जागीच कोसळला.

आजूबाजूचे चारपाच जण त्याला उचलायला धावले. शेजारच्या चहाच्या टपरीवाल्याने मोठ्याने ओरडून त्यांना थांबवले. "गाडीला हात लावू नका, वर बघा!" एवढेच तो ओरडत राहिला. त्या चारपाच जणांचे प्राण त्या एका वाक्याने वाचले. त्याने वरच्या मुलालाही "उतरू नकोस, हलू नकोस" असे बजावले. वीज बंद झाली, मगच तो खाली आला. मदतनिसाला आमच्याकडे आणेपर्यंत बराच वेळ गेला होता. वाटेत कुणीही त्याची छाती दाबली नव्हती, कारण ते कुणालाच माहीत नव्हते. आम्ही प्रयत्न केले, पण यश आले नाही. बकेटमधला मुलगा दवाखान्याच्या पायरीवर बसून एकच प्रश्न विचारत होता, "साहेब, तार माझ्याजवळ होती, मग तो कसा गेला?"

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

पाखराचे गणित

तारेवर पाखरे बसतात आणि त्यांना काही होत नाही, हे आपण लहानपणापासून पाहतो. तार उघडी असते, तिच्यावर कसलेही वेष्टण नसते. तरी पाखरू सुखरूप राहते, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. विजेला वाहण्यासाठी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाट लागते. पाखराच्या शरीरातून तिला कुठे जायचेच नसते. मात्र त्याच पाखराचा पंख दुसऱ्या तारेला किंवा खांबाच्या लोखंडाला लागला, तर ते तत्क्षणी मरते.

बकेटमधला मुलगा त्या पाखरासारखा होता. शिडी, बकेट, गाडीचा सांगाडा आणि तो स्वतः, सारे एकाच दाबाला होते. खाली उभ्या मदतनिसाचा हात मात्र गाडीवर आणि पाय जमिनीवर होते. तारेतल्या विजेला जमिनीत उतरण्याची वाट त्याच्या छातीतून मिळाली. वरचा मुलगा घाबरून खाली उतरला असता आणि एक हात गाडीवर असतानाच त्याने पाय जमिनीला टेकला असता, तर तोही गेला असता.

"गाडीला तर रबरी टायर असतात, मग वीज कशी उतरते?" असे बरेच जण विचारतात. टायर म्हणजे निव्वळ रबर नव्हे. त्यात काजळीसारखा कार्बन आणि पोलादी तारा असतात. शिवाय काम करताना गाडीचे लोखंडी जॅक जमिनीवर टेकवलेले असतात. 11 हजार व्होल्टच्या दाबापुढे टायरचा भरवसा धरू नये. एवढेच नव्हे, तर अशा वेळी टायर आतून पेटू शकतो आणि वीज बंद झाल्यावरही काही वेळाने फुटू शकतो.

शरीरात काय घडते?

विजेचा प्रवाह मोजण्याचे लहान माप म्हणजे मिलिअँपिअर. एका अँपिअरचा हजारावा भाग. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी या विषयाचा मोठा अभ्यास केला. हातातली तार माणूस स्वतःहून सोडू शकेल, अशी सरासरी मर्यादा पुरुषांत सुमारे 16 आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअर निघाली. त्यापुढे हाताचे स्नायू असे आवळले जातात की मूठ उघडतच नाही. "वीज धरून ठेवते" असे आपण म्हणतो, पण खरे पाहता आपलाच हात विजेला धरून ठेवतो. याहून थोडा अधिक प्रवाह छातीतून गेला, तर श्वासाचे स्नायू अडकतात. सुमारे 50 ते 100 मिलिअँपिअरपासून पुढे हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागण्याचा धोका असतो. थरथरणारे हृदय रक्त पुढे ढकलू शकत नाही.

आता हिशेब करा. घामाने भिजलेल्या माणसाच्या शरीराचा विरोध साधारण 1000 ओहम धरला, तर घरातल्या 230 व्होल्टनेही 230 मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. म्हणजे लघुदाबाची तारसुद्धा जीव घेण्यास पुरेशी आहे. मग 11 हजार व्होल्टची गोष्टच वेगळी. तिथे तारेला प्रत्यक्ष स्पर्श होण्याआधीच, अगदी जवळ गेल्यास, वीज हवेतून झेप घेऊ शकते. त्या झोताची उष्णता हजारो अंशांची असते. अंगावरचे कपडे पेटतात, डोळे आणि चेहरा भाजतो.

विजेचा भाजलेपणा फसवा असतो. कातडीवर रुपयाएवढा काळा डाग दिसतो आणि आत कोपरापासून खांद्यापर्यंतचे स्नायू शिजल्यासारखे झालेले असतात. मेलेल्या स्नायूंतील रंगद्रव्य रक्तात उतरते, लघवी काळ्या चहासारखी होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हात सुजून आतल्या आत रक्तपुरवठा थांबतो आणि शेवटी तो कापावा लागतो. काही रुग्णांना काही महिन्यांनी मोतीबिंदू होतो. शिवाय उंचावरून फेकला गेलेला माणूस मणका किंवा डोके फुटूनही दगावतो. म्हणून "नुसता झटका बसला, आता बरा आहे" असे म्हणून रुग्णाला घरी नेऊ नका. उच्चदाबाचा झटका बसलेल्या प्रत्येकाचा हृदयाचा आलेख आणि लघवी तपासलीच पाहिजे.

किती अंतर ठेवावे?

आपल्याकडच्या वीज नियमांनुसार रस्ता ओलांडणारी 11 केव्हीची तार जमिनीपासून किमान 6.1 मीटर, म्हणजे सुमारे 20 फूट उंच असावी लागते. लघुदाबाची तार 5.8 मीटर, म्हणजे साधारण 19 फूट. शिडीच्या गाडीची बकेट याहून कितीतरी वर जाते. तेव्हा तार उंच आहे म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे आहे.

अमेरिकेतील कामगार-सुरक्षा नियमांत क्रेनसाठी एक सोपे कोष्टक आहे. 50 केव्हीपर्यंतच्या तारेपासून किमान 10 फूट, त्यापुढे 200 केव्हीपर्यंत 15 फूट आणि 350 केव्हीपर्यंत 20 फूट दूर राहावे. आपल्या गावातल्या 11 आणि 33 केव्हीच्या वाहिन्यांना 10 फूट हे किमान अंतर मनात पक्के धरावे. मनोऱ्यांवरून जाणाऱ्या 132 केव्हीला 15 आणि 220 केव्हीला 20 फूट. हे अंतर माणसाच्या हातापासून नव्हे, तर गाडीच्या, शिडीच्या, कोपराच्या, हातातल्या कोयत्याच्या किंवा तुटून लोंबणाऱ्या फांदीच्या जवळच्या टोकापासून मोजायचे. उन्हाळ्यात तार तापून खाली झोळ घेते आणि वाऱ्यात ती झुलते, हेही हिशेबात धरावे. ओली फांदी वीज वाहते, हे तर विसरूच नये.

काही गाड्यांची शिडी फायबरची, वीजरोधक असते. तिचा उपयोग आहे, पण मर्यादित. विजेला शिडीवाटे जमिनीत उतरण्याची वाट ती अडवते. मात्र वरचा माणूस एका हाताने तार आणि दुसऱ्या हाताने खांब किंवा दुसरी तार धरील, तर ती शिडी त्याला वाचवू शकत नाही. शिवाय धूळ, चिखल, तेल आणि ओल यांनी तिचा रोधकपणा कमी होतो. तिची ठरावीक मुदतीने विद्युत चाचणी व्हावी लागते. आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे ठाऊक नसेल, तर ती पूर्ण लोखंडी आहे असेच समजून वागावे.

काम सुरू करण्यापूर्वी

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वीज रीतसर बंद करून घेणे. महावितरणच्या कार्यालयाला आधी कळवावे. काम तारेजवळ असेल तर वाहिनी बंद करून, परमिट घेऊनच बकेट वर न्यावी. "अमक्या वायरमनला फोन केलाय, तो बंद करतोय" ही तोंडी व्यवस्था म्हणजे परमिट नव्हे. एका खांबावर दोन वेगवेगळ्या वाहिन्या असू शकतात. एक बंद केली आणि दुसरी जिवंत राहिली, असे होऊ शकते. कुणाच्या घरचा किंवा कार्यालयाचा जनरेटर चुकीच्या जोडणीने बंद तारेत उलटी वीज सोडतो, असेही होते. म्हणून बंद केलेली तार तपासून, तिला अर्थिंग करूनच ती मेलेली समजायची. हे काम महावितरणच्या अधिकृत कर्मचाऱ्याचेच आहे. गावात ज्याला "झिरो वायरमन" म्हणतात, त्याच्या हातून ते करून घेणे म्हणजे एका गरिबाच्या पोराला मरणाच्या दारात उभे करणे आहे.

गाडी उभी करतानाही काही पथ्ये आहेत. चारही जॅक टणक जमिनीवर टेकवावेत. गटाराच्या फरशीवर किंवा नुकत्याच बुजवलेल्या चरावर जॅक टेकवला, तर गाडी कलंडते आणि शिडी थेट तारेत जाते. चाकांखाली लाकडी ठोकळे लावावेत. बकेटमधल्या माणसाने कमरेचा पट्टा शिडीच्या कडीला अडकवलाच पाहिजे. बकेटच्या काठावर उभे राहू नये, आत स्टूल किंवा शिडी ठेवून उंची वाढवू नये. माणूस वर असताना गाडी पुढेमागे घेऊ नये. पाऊस, विजांचा कडकडाट किंवा जोराचा वारा असेल तर काम थांबवावे.

आणि एक माणूस असा हवा, ज्याचे काम फक्त बघणे. त्याने फांद्या उचलायच्या नाहीत, बिडी ओढायची नाही, मोबाइलवर बोलायचे नाही. गाडीला न शिवता, लांब उभे राहून शिडीचे कोपर आणि तार यांतले अंतर बघत राहायचे आणि कमी होताच "थांब" म्हणून ओरडायचे. वरच्या माणसाला आकाशाच्या उजेडात बारीक तारेचे अंतर कळत नाही आणि पाठीमागचे कोपर दिसत नाही. आमच्या त्या मदतनिसाला असा बघणारा कुणी नव्हता. त्या दिवशी एक मजुरी वाचवली गेली होती.

तार टेकलीच तर

बकेटमधला माणूस आणि केबिनमधला ड्रायव्हर यांनी जागा सोडू नये. वरच्या किंवा केबिनमधल्या दांड्यांनी शिडी तारेपासून दूर करता येत असेल तर सावकाश करावी. खाली उभे राहून गाडीच्या बाजूच्या दांड्यांना कुणीही हात लावू नये. खालच्यांनी निदान 10 मीटर, म्हणजे 30 ते 35 फूट लांब जावे आणि इतरांनाही लांब ठेवावे.

अंतर कशासाठी? शांत पाण्यात खडा टाकला की लाटांची वर्तुळे पसरतात आणि लांब जाता जाता विरतात. तसाच विजेचा दाब जमिनीत पसरतो, जवळ जास्त, लांब कमी. आपला एक पाय जवळच्या वर्तुळात आणि दुसरा लांबच्या वर्तुळात पडला, की पायांतून वीज वाहते. तार तुटून पडलेल्या शेतात माणूस वाचतो पण बैल मरतो, हे आपण ऐकले असेल. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांतले अंतर जास्त असते, हे त्याचे कारण. म्हणून अशा जागेतून बाहेर पडताना ढांगा टाकू नयेत, धावू नये. दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, बोटभर बोटभर घासत सरकावे.

गाडी पेटली आणि खाली येण्यावाचून गत्यंतर नसेल, तर केबिनमधल्या माणसाने दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारावी. गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होता कामा नये. मग तसेच पाय घासत दूर जावे.

ठिणग्या थांबल्या म्हणजे वीज गेली, असे समजू नका. उपकेंद्रातून वाहिनी पुन्हा चालू होऊ शकते. महावितरणने वीज बंद केल्याचे स्पष्ट सांगेपर्यंत ती जिवंतच समजा. तक्रारीसाठी 1912 हा क्रमांक आहे. आणि कोरड्या काठीने माणसाला बाजूला करण्याची युक्ती उच्चदाबाच्या तारेवर वापरू नका. घरातल्या विजेपुरती ती चालेल, तीही मेन स्विच बंद करता येत नसेल तरच.

वीज बंद झाल्यावर पहिली पाच मिनिटे

वीज बंद झाली की रुग्णाला हात लावण्यात धोका नाही. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. काही ठिकाणी झटका बसलेल्याला मातीत गाडून ठेवण्याची पद्धत आहे. त्याने काहीही साधत नाही, उलट जीव वाचण्याची वेळ निघून जाते.

रुग्ण हाक मारून उत्तर देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, असे दिसले की एकाने 108 ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला सुरुवात करावी. रुग्णाला कठीण जमिनीवर उताणे निजवा. छातीच्या मधोमध एका हाताचा तळवा, त्यावर दुसरा हात ठेवा. कोपर ताठ ठेवून छाती सुमारे दोन इंच खाली जाईल इतके जोराने दाबा आणि सोडा. मिनिटाला 100 ते 120 वेळा. शिकलेल्या माणसाने 30 दाबांनंतर तोंडाने 2 श्वास द्यावेत. न शिकलेल्याने नुसते दाबत राहावे. दमलात की दुसऱ्याने हात द्यावा, पण रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. उंचावरून पडलेला असेल तर मान वाकवू नये.

या उपायाचा जन्मच विजेच्या अपघातांतून झाला, हे सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत तारांवर काम करणारे कामगार मरत, म्हणून विल्यम कौवेनहोव्हन नावाच्या विद्युत अभियंत्याने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात संशोधन सुरू केले. त्यातूनच 1960 साली त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बाहेरून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत जगापुढे मांडली. वायरमनसाठी शोधलेली ही विद्या आज हृदयविकाराच्या रुग्णांनाही वाचवते. मग ती आपल्या वायरमनला आणि मजुराला का येऊ नये?

भाजलेल्या जागेवर हळद, शाई, टूथपेस्ट काहीही लावू नका. अंगठी, कडे, घड्याळ सूज येण्याआधी काढा. स्वच्छ कोरड्या कापडाने जखम झाका आणि थेट रुग्णालयात न्या. किती दाबाची तार होती आणि वीज कुठून शिरली, ते डॉक्टरांना सांगा.

शेवटी एवढेच

दोष त्या मुलाचा नव्हता आणि गेलेल्या मदतनिसाचाही नव्हता. त्यांना कुणी हे सांगितलेच नव्हते. काम देणाऱ्याने सांगितले नाही, गाडी देणाऱ्याने सांगितले नाही, आणि आम्हा डॉक्टरांना तर रुग्ण समोर आल्यावरच बोलायची सवय. म्हणून हा लेख.

आपल्यापैकी कुणी नगरपालिकेत असेल, कुणी मंडळाचा कार्यकर्ता, कुणी ठेकेदार, कुणी अशा गाडीवर काम करणाऱ्याचा बाप किंवा भाऊ. आपण एक करा. हे कात्रण कापून त्या गाडीच्या केबिनमध्ये चिकटवा आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. वर जाण्याआधी वर बघा, तारेपासून 10 फूट दूर राहा आणि शिडी वर असताना गाडीला हात लावू नका, एवढ्या तीन गोष्टी जरी त्याच्या ध्यानात राहिल्या, तरी संध्याकाळी त्याचा डबा रिकामा होऊन घरी परत येईल.